पुणे ते नागपूर विमानतळ : अंतर आणि प्रवासाचा वेळ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात आलेल्या प्रत्येकाला वर्षातून दोन-तीनदा तरी हा हिशेब मांडावा लागतो. दिवाळी, लग्नकार्य, परीक्षा संपल्यावरची सुट्टी किंवा घरून अचानक आलेला फोन, यांपैकी काहीही असले तरी प्रश्न एकच असतो : नागपूरला किती वेळात पोहोचता येईल? त्याचे उत्तर विमानाच्या तिकिटावर छापलेले नसते. तिकिटावर असतो तो दोन विमानतळांमधला वेळ, आणि आपल्याला हवा असतो तो आपल्या दारापासून आईवडिलांच्या दारापर्यंतचा वेळ. गेली अनेक वर्षे मी हा प्रवास विमानाने, रेल्वेने, बसने आणि गाडीने करत आले आहे. मला वारंवार विचारल्या गेलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

पुणे आणि नागपूर विमानतळांमधले हवाई अंतर नेमके किती आहे?

पुण्याचा लोहगाव विमानतळ आणि नागपूरचा सोनेगाव येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यामधले सरळ रेषेतील अंतर सुमारे ६०५ किलोमीटर आहे. मैलांत ते सुमारे ३७६ आणि वैमानिक वापरतात त्या सागरी मैलांत सुमारे ३२७ भरते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. दिशा ईशान्येपेक्षा थोडी पूर्वेकडे झुकलेली आहे. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास ती सुमारे ६२ अंश येते.

हे अंतर स्वतः पडताळून पाहता येईल का?

येईल, आणि त्यासाठी कागद, पेन्सिल आणि शाळेतला पायथागोरसचा सिद्धान्त पुरेसा आहे. लोहगाव विमानतळ साधारण १८.५८ अंश उत्तर अक्षांश व ७३.९२ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर नागपूर विमानतळ २१.०९ अंश उत्तर व ७९.०५ अंश पूर्व येथे आहे. म्हणजे अक्षांशांत २.५१ आणि रेखांशांत ५.१३ अंशांचा फरक पडतो. आपल्या भागात अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटरचा असतो. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जाताना एकमेकींजवळ येत जातात, त्यामुळे २० अंश अक्षांशाच्या आसपास रेखांशाचा एक अंश सुमारे १०४.८ किलोमीटरचाच भरतो. गुणाकार केला की उत्तरेकडे २७८ आणि पूर्वेकडे ५३७ किलोमीटर मिळतात. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढल्यास उत्तर ६०५ च्या आसपास येते. पृथ्वी गोल असल्यामुळे ही पद्धत हजारो किलोमीटरच्या अंतरांना चालणार नाही, पण एवढ्या अंतराला पडणारा फरक नगण्य असतो. माझ्या नववीतल्या भाचीने हे गणित सुट्टीत दहा मिनिटांत सोडवले होते.

काही ठिकाणी हेच अंतर ६२० किलोमीटर दिलेले असते. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. तो आकडा शहरांच्या मध्यबिंदूंमधला आहे आणि ६०५ हा विमानतळांमधला. यामागचे कारण नकाशा उघडून पाहण्यासारखे आहे. लोहगाव हे पुण्याच्या ईशान्येला, म्हणजे नागपूरच्या दिशेच्या अंगाला आहे, आणि सोनेगाव हे नागपूरच्या नैर्ऋत्येला, वर्धा रस्त्यालगत, म्हणजे पुण्याच्या दिशेच्या अंगाला आहे. दोन्ही शहरांचे विमानतळ जणू एकमेकांकडे तोंड करून बसले आहेत, आणि त्यामुळे दोघांमधले अंतर सुमारे १५ किलोमीटरने कमी झाले आहे. हवेत हे १५ किलोमीटर एका-दीड मिनिटाचे असतात. जमिनीवर, विशेषतः पुण्याच्या बाजूला, तेवढ्यालाच एक तास लागू शकतो, हे पुढच्या उत्तरांत येईलच.

विमान ताशी ८०० किलोमीटरहून अधिक वेगाने जाते, तर ६०५ किलोमीटरला दीड तास कसा?

वेळापत्रकात या मार्गाच्या थेट विमानाचा वेळ साधारण १ तास २० मिनिटे ते १ तास ३० मिनिटे दाखवलेला असतो. त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर पुन्हा उभे राहीपर्यंतचा तो वेळ असतो, आणि त्यातला प्रत्यक्ष हवेतला वेळ जेमतेम एक तासाचा असतो. उरलेली वीस-पंचवीस मिनिटे विमान मागे ढकलणे, धावपट्टीपर्यंत जाणे, आपली पाळी येण्याची वाट पाहणे आणि उतरल्यावर पुन्हा जागेवर येणे, यांत जातात.

हवेतल्या त्या तासातही पूर्ण वेगाचा भाग थोडाच असतो. वर चढायला साधारण वीस मिनिटे आणि खाली यायला तेवढीच किंवा थोडी जास्त मिनिटे लागतात, त्यामुळे पूर्ण उंचीवरचा सरळ प्रवास पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो. चहाचा कप हातात येतो न येतो, तोच खाली उतरण्याची घोषणा होते, याचे कारण हेच आहे.

शिवाय विमान नकाशावरच्या सरळ रेषेवरून तंतोतंत जात नाही. पुण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिच्या टोकांचे क्रमांक १० आणि २८ आहेत, म्हणजे दिशा अनुक्रमे सुमारे १०० आणि २८० अंश. वारा पश्चिमेचा असेल तेव्हा विमान पश्चिमेकडे उडते, म्हणजे नागपूरकडे पाठ करून निघते आणि मग वळसा घेऊन पूर्वेला लागते. नागपूरची धावपट्टी आग्नेय-वायव्य दिशेची, १४ आणि ३२ क्रमांकांची आहे. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या विमानाला दोन्हींपैकी कोणत्याही टोकाकडून उतरायचे झाले तरी वळून यावे लागते. या वळणांमुळे प्रत्यक्ष कापलेले अंतर ६०५ पेक्षा काही किलोमीटरने जास्तच भरते.

आणखी एक गोष्ट पुणेकरांना ठाऊक असूनही घाईत विसरली जाते. लोहगाव हा मुळात भारतीय हवाई दलाचा तळ आहे. धावपट्टी एकच आहे, ती सुमारे २,५३५ मीटर लांबीची आहे आणि लढाऊ विमानेही तीच वापरतात. खिडकीतून सुखोई झेपावताना दिसले आणि आपले विमान थांबलेले असले, तर कंपनीवर चिडण्यात अर्थ नसतो.

जाताना आणि येताना लागणारा वेळ वेगळा असतो का?

थोडासा असतो, आणि तो ऋतूप्रमाणे बदलतो. हिवाळ्यात भारताच्या उत्तर व मध्य भागावर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यामुळे पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या विमानाला ते मागून ढकलतात आणि परतताना समोरून अडवतात. पावसाळ्यात मात्र द्वीपकल्पावर बऱ्याच उंचीवर पूर्वेकडून येणारे वारे असतात आणि हिशेब उलटतो. अंतर लहान असल्यामुळे फरक चार-पाच मिनिटांपलीकडे सहसा जात नाही. वेळापत्रकात जाण्याचा आणि येण्याचा वेळ पाच-दहा मिनिटांनी वेगळा दिसला, तर त्यात वाऱ्यासोबत दोन्ही विमानतळांवरच्या गर्दीचाही वाटा असतो.

वाटेत खिडकीतून काय दिसते? कोणती बाजू घ्यावी?

नागपूरला जाताना डावी बाजू घ्यावी, असे मी आग्रहाने सांगते. दोन विमानतळांना जोडणारी रेषा अहिल्यानगरच्या थोडी दक्षिणेकडून जाते, पैठण आणि शहागड यांच्या दरम्यान गोदावरी ओलांडते, वाशिमच्या जवळजवळ माथ्यावरून जाते आणि पुलगावावरून वर्ध्याच्या उत्तरेने नागपुरात उतरते. हवा स्वच्छ असेल तर डावीकडे पैठणचा नाथसागर दिसतो. पावसाळा संपताच तो काठोकाठ भरलेला असतो, आणि मे महिन्यात त्याच्या कडेला उघडी पडलेली जमीन लांबूनही वेगळी ओळखू येते.

या मार्गाचे खरे भाग्य मात्र लोणार आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर या सरळ रेषेच्या जवळजवळ बरोब्बर मध्यावर येते, रेषेच्या डावीकडे जेमतेम बारा-तेरा किलोमीटरवर. बेसॉल्टच्या खडकात उल्कापाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर वरून पाहिले की आजूबाजूच्या चौकोनी शेतांच्या ठिगळांत कोणीतरी वाटी दाबून गोल उठवावा तसे दिसते : कडेला झाडीचा गडद हिरवा कठडा आणि मध्ये पाण्याचे निस्तेज हिरवट वर्तुळ. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झाले होते. हे विवर मला आजवर दोनदाच नीट दिसले आहे, दोन्ही वेळा नोव्हेंबरातल्या सकाळच्या विमानातून. पुण्याहून निघाल्यावर साधारण अर्ध्या तासाने, विमान पूर्ण उंचीवर असताना पाहू लागावे. परतताना अर्थातच उजवी बाजू घ्यावी.

घरापासून घरापर्यंत एकूण किती वेळ धरावा?

माझे उत्तर आहे चार ते सहा तास, आणि ते मी अनुभवाने शिकले.

पुण्यात आल्यावर पहिल्यांदा विमानाचे तिकीट काढले, तेव्हा मी बाबांना उत्साहाने फोन करून सांगितले होते की आता दीड तासात घरी येते. मे महिना होता. माझ्या फोनवरून त्यांनी हिशेब केला तो मी घरून निघाल्यापासूनच्या दीड तासाचा. मी बाहेर आले तेव्हा ते डोक्याला दुपट्टा बांधून, हातात पाण्याची बाटली घेऊन गाड्यांच्या रांगेच्या पलीकडे उभे होते. बाटलीतले पाणी संपले होते आणि स्कूटरची सीट हात लावू देत नव्हती. “निघाली का तू, निघाली का तू, म्हणून तीनदा फोन केला, बंदच येत होता,” एवढेच ते म्हणाले. फोन विमानात बंद होता. त्या दिवसापासून मी घरी विमानाची वेळ सांगत नाही, दाराशी पोहोचण्याची वेळ सांगते.

सिंहगड रस्त्यावरच्या माझ्या घरापासून नागपूरच्या प्रतापनगरातल्या घरापर्यंतचा हिशेब असा जमतो. घर ते लोहगाव, सव्वा तास. संध्याकाळी पावणेदोन तासही लागतात. विमानतळावर पोहोचल्यापासून विमान हलेपर्यंत दीड तास. ब्लॉक टाइम एक तास पंचवीस मिनिटे. उतरणे, सामान घेणे आणि बाहेर येणे, अर्धा तास. फक्त हातातली बॅग असेल तर पंधरा मिनिटे. सोनेगाव ते प्रतापनगर, पंधरा मिनिटे. एकूण पाच तासांच्या थोडे आत किंवा थोडे बाहेर. यात एक विचित्र गोष्ट लक्षात येईल : पुण्यातले पंधरा-वीस किलोमीटर आणि आकाशातले ६०५ किलोमीटर यांना जवळजवळ सारखाच वेळ लागतो.

विमाननगर, खराडी किंवा वाघोलीत राहणाऱ्यांचा हाच प्रवास चार तासांत होतो. पिंपरी-चिंचवड किंवा हिंजवडीकडून येणाऱ्यांनी सहा तास धरून चालावे.

लोहगावला पोहोचण्यासाठी मेट्रोचा उपयोग होतो का?

अर्धवट होतो. वनाज ते रामवाडी या मार्गिकेवरचे रामवाडी स्थानक मार्च २०२४ मध्ये सुरू झाले आणि विमानतळाला जवळचे असे तेच स्थानक आहे. पण मेट्रो विमानतळाच्या दारापर्यंत जात नाही; शेवटचे चार-पाच किलोमीटर रिक्षा, कॅब किंवा पीएमपीच्या बसने जावे लागते. कोथरूड किंवा डेक्कनकडून संध्याकाळच्या गर्दीत येत असाल आणि सामान हलके असेल, तर मी मेट्रोच सुचवते, कारण बंडगार्डन आणि येरवड्याच्या कोंडीतून ती सुटका करते. दोन मोठ्या बॅगा आणि सोबत आजी असेल, तर घरूनच गाडी करावी.

नवीन टर्मिनल जुलै २०२४ पासून वापरात आहे. पुण्यात उतरणाऱ्यांसाठी एक सूचना : ॲपवरून बोलावलेल्या कॅब टर्मिनलच्या दाराशी नव्हे, तर विमानतळाच्या आवारातल्या एरोमॉल या इमारतीच्या वाहनतळावरून मिळतात. ज्येष्ठांना हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर ते टर्मिनलच्या दाराशी थांबून राहतात.

नागपूरला उतरल्यावर काय सोय आहे?

तेथे विमानतळ शहराला चिकटून आहे, त्यामुळे फारशी चिंता नसते. नागपूर मेट्रोच्या नारंगी मार्गिकेवर एअरपोर्ट नावाचे स्थानक आहे, तेथून सीताबर्डीला थेट जाता येते आणि पुढे दुसरी मार्गिका मिळते. स्थानक वर्धा रस्त्यावर आहे, टर्मिनलच्या आत नाही, हे लक्षात ठेवून उन्हाळ्यात दुपारी पायी जाण्याचा विचार करू नये.

रस्त्याने दोन विमानतळांमधले अंतर किती, आणि गाडीने किती वेळ लागतो?

साधारण ७०० ते ७२० किलोमीटर, आणि थांबे धरून दहा ते बारा तास. लोहगावहून निघालात की नगर रस्ता लागतो : वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, अहिल्यानगर आणि मग छत्रपती संभाजीनगर. तेथे समृद्धी महामार्गावर चढले की जालना, मेहकर, कारंजा आणि वर्धा ही नावे केवळ फलकांवर वाचायची. महामार्गाचे नागपूरकडचे टोक शिवमडक्याला, विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पाच्या बाजूला आहे. त्यामुळे विमानतळाच्या परिसरात जाणाऱ्यांना नागपूर शहरात शिरावेच लागत नाही.

या प्रवासाचा ताल समजून घेणे महत्त्वाचे आहे. पुण्यापासून संभाजीनगरपर्यंतचे पहिले सुमारे २३५ किलोमीटर साडेचार-पाच तास खातात, आणि त्यानंतरचे सुमारे ४५० किलोमीटर तेवढ्याच किंवा त्याहून कमी वेळात होतात. घोडे अडते ते वाघोली ते शिक्रापूर या पट्ट्यात. पहाटे पाचच्या आत वाघोली ओलांडली तर दिवस तुमचा असतो. आठ वाजता निघालात तर पहिल्या चाळीस किलोमीटरला दोन तास मोजण्याची तयारी ठेवावी.

समृद्धी महामार्ग एकूण ७०१ किलोमीटरचा आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो होण्यापूर्वी हाच प्रवास सिंदखेडराजा, मेहकर अशा गावागावांतून करावा लागे आणि बसला चौदा-पंधरा तास लागणे ही नेहमीची गोष्ट होती.

समृद्धीवरून रात्रीचा प्रवास करावा का?

येथे मी स्पष्ट बोलते. स्वतः गाडी चालवत असाल तर रात्री करू नये. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेल्या खासगी बसला अपघात होऊन ती पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. नागपूरहून पुण्याला येणारी ती बस होती. आपल्यापैकी कोणीही त्या बसमध्ये असू शकले असते.

रस्ता सरळ आणि एकसुरी आहे. खड्डे, चौक आणि गावे नसल्यामुळे डोळे उघडे राहूनही लक्ष उडते. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात काँक्रीट तापलेले असताना जुने, कमी-जास्त हवेचे टायर तो वेग सहन करू शकत नाहीत. निघण्यापूर्वी टायर आणि हवा तपासावी, दर दोन तासांनी थांबून दहा मिनिटे चालावे, आणि चालक दोन असावेत. या महामार्गावर दुचाकींना परवानगी नाही. बसने जाणाऱ्यांनी चढल्यावर आपत्कालीन दरवाजा कोठे आहे आणि काच फोडण्याची हातोडी जागेवर आहे का, हे आधी पाहून घ्यावे.

रेल्वेने अंतर इतके जास्त का?

कारण लोहमार्ग कर्णाने जात नाही, दोन बाजूंनी जातो. पुण्याहून गाडी आधी आग्नेयेला दौंडला जाते, तेथून उत्तरेला वळून अहिल्यानगर, कोपरगावमार्गे मनमाडला पोहोचते आणि मग पूर्वेला वळून जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असे करत नागपूर गाठते. त्यामुळे ६०५ किलोमीटरचे हवाई अंतर लोहमार्गाने सुमारे ८८० किलोमीटर होते, म्हणजे जवळजवळ दीडपट.

१० ऑगस्ट २०२५ रोजी नागपूरच्या अजनी स्थानकापासून पुण्यापर्यंत वंदे भारत एक्स्प्रेस सुरू झाली. तिला या ८८१ किलोमीटरसाठी सुमारे १२ तास लागतात. इतर गाड्यांना त्याहून जास्त लागतात. पण त्यांतल्या अनेक रात्री धावतात आणि झोपेत गेलेला वेळ माझ्या मते प्रवासात धरू नये. संध्याकाळी पुण्यात काम संपवून सकाळी नागपुरात आंघोळ करायची असेल, तर रेल्वे आजही विमानाच्या तोडीची आहे. संत्र्यांची पेटी घेऊन परतणाऱ्यांसाठी तर तिला पर्याय नाही, कारण विमानात हातातल्या बॅगेला साधारण ७ किलोची मर्यादा असते.

दोन शहरांच्या वेळेत फरक आहे का?

घड्याळात नाही, सूर्यात आहे. नागपूर पुण्याच्या पाच अंशांहून अधिक पूर्वेला आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून तेथे सूर्य सरासरी वीस मिनिटे आधी माथ्यावर येतो. त्यात अक्षांशाच्या फरकाची भर पडते. जूनमध्ये नागपूरला सूर्योदय सुमारे २५ मिनिटे आधी होतो, डिसेंबरात सुमारे १५ मिनिटे आधी. सूर्यास्ताचे उलट असते : डिसेंबरात नागपूरला सुमारे २५ मिनिटे लवकर अंधारते. संध्याकाळी पुण्यात उजेडात विमानात बसून नागपुरात मिट्ट काळोखात उतरल्यावर फार वेळ गेल्यासारखे वाटते, ते यामुळे. सोमवारच्या उपवासाला सूर्यास्त पाहून जेवणाऱ्या माझ्या आईला हा फरक गणित न करताच माहीत आहे.

विमानतळावर किती आधी पोहोचावे?

देशांतर्गत उड्डाणांसाठी सामान देण्याचा काउंटर साधारणपणे सुटण्याच्या ६० मिनिटे आधी आणि बोर्डिंग गेट २५ मिनिटे आधी बंद होते. दिवाळीपूर्वीचा आठवडा सोडून दीड तास पुरतो. त्या आठवड्यात दोन तास हाताशी ठेवावेत.

उड्डाणाला उशीर झाला किंवा ते रद्द झाले तर प्रवाशाला काय मिळते?

येथे मघाचा ब्लॉक टाइम पुन्हा कामाला येतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत प्रवाशांचे हक्क याच वेळेवर ठरतात. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर होत असेल, तर वेळेवर हजर झालेल्या प्रवाशांना खाणेपिणे देणे कंपनीवर बंधनकारक आहे. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर दुसरे उड्डाण किंवा पूर्ण परतावा यांपैकी एक निवडता येते. पुरेशी पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केले, तर एक ते दोन तासांच्या ब्लॉक टाइमसाठी ७,५०० रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती भरपाई म्हणून मिळते, आणि ती परताव्याव्यतिरिक्त असते. आपला मार्ग याच गटात बसतो. धुके, वादळ किंवा विमानतळ बंद असणे अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना मात्र ही भरपाई लागू होत नाही. काउंटरवर शांतपणे, नियमाचा उल्लेख करून मागणी करावी आणि उत्तर लेखी घ्यावे.

डिसेंबर-जानेवारीत नागपूरला सकाळी धुके असू शकते. ज्याला दुपारी निश्चित पोहोचायचे आहे, त्याने पहिल्या विमानावर विसंबू नये, आदल्या दिवशी निघावे. लोहगावची धावपट्टी दुरुस्तीसाठी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे पूर्ण चौदा दिवस बंद होती, तेव्हा पुणेकरांना मुंबई गाठावी लागली होती. लग्नाची तिकिटे फार आधी काढणाऱ्यांनी अशा सूचनांवर लक्ष ठेवावे.

थेट विमान मिळाले नाही तर मुंबईमार्गे जावे का?

शक्यतो नको. मुंबईतला थांबा धरून एकूण वेळ सहज आठ-नऊ तासांवर जातो, आणि तेवढ्यात रेल्वेचा बराचसा प्रवास झालेला असतो. वेळापत्रके मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. त्यामुळे आठवणीतली जुनी वेळ गृहीत न धरता नव्याने पाहावे.

पुरंदरचा नियोजित विमानतळ झाल्यावर हे अंतर बदलेल का?

हवाई अंतरात फारसा फरक पडणार नाही, कारण पुरंदर पुण्याच्या आग्नेयेला आहे आणि तेथून नागपूरची सरळ रेषा जवळजवळ तेवढ्याच लांबीची होते. बदलेल तो घरून निघण्याचा वेळ. हडपसर, सासवडच्या बाजूला राहणाऱ्यांचा तो कमी होईल, आणि आज लोहगावपासून दहा मिनिटांवर राहणाऱ्यांचा बराच वाढेल.

वयस्कर आईवडील एकटे येणार असतील तर कोणता पर्याय घ्यावा?

थेट विमान, आणि तेही दुपारचे. तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मागणी नोंदवावी. चालता येत असले तरी, कारण त्यामुळे सोबत एक माणूस मिळतो आणि सुरक्षा तपासणीपासून बाहेरच्या दारापर्यंत तो सोडत नाही. औषधे हातातल्या बॅगेत, फोन पूर्ण चार्ज केलेला आणि घेण्यासाठी येणाऱ्याचा क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवलेला असावा. घेण्यासाठी जाणाऱ्याने विमान उतरण्याच्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी पोहोचले तरी चालते. माझे बाबा अजूनही पाऊण तास आधी जाऊन थांबतात, पण आता सावलीत.